किल्ट, प्रणय आणि लग्न : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या मुलीचे लग्न एडिनबरामध्ये एका स्कॉटिश मुलाशी झाले. पत्रिकेच्या तळाशी पोशाखाविषयी एकच ओळ छापली होती : ‘हायलंड पोशाख किंवा आपापला पारंपरिक पोशाख.’ त्या ओळीपायी सातारा, पुणे आणि ठाणे येथून इतके फोन आले की अखेर मी उत्तरे लिहूनच काढली. पुढे ओळखीच्या आणखी काही घरांत अशीच लग्ने ठरली आणि प्रश्नांत भर पडत गेली. व्याह्यांच्या आग्रहामुळे त्या दिवशी मीही किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे चुण्यांचे वस्त्र, घातला होता, त्यामुळे पुढची सगळीच उत्तरे ऐकीव नाहीत.

किल्ट नेसतात की घालतात?

दोन्ही क्रियापदे बरोबर आहेत, फक्त ती वेगवेगळ्या शतकांची आहेत. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, म्हणजे हायलंडमधले, पुरुष जे वस्त्र वापरत त्याला गेलिक भाषेत फीला मोर, अर्थात मोठे वस्त्र, म्हणत. ते लोकरीचे लांबच लांब न शिवलेले कापड असे. ते चुण्या घालून कमरेला पट्ट्याने आवळायचे आणि उरलेला भाग खांद्यावर घ्यायचा किंवा पावसात डोक्यावरून ओढायचा. रात्री तेच पांघरूण होई. हे खरे नेसणे होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा फक्त कमरेखालचा भाग, म्हणजे फीला बेग, वेगळा वापरात आला. त्याचे श्रेय थॉमस रॉलिन्सन नावाच्या लोखंडाच्या भट्ट्या चालवणाऱ्या इंग्रजाला देणारी एक कथा आहे, आणि स्कॉटिश माणसासमोर ती काढली की वाद ठरलेला. त्या शतकाच्या शेवटी शेवटी चुण्या शिवून पक्क्या करण्यास सुरुवात झाली आणि किल्ट घालण्याचे वस्त्र झाले. आपल्या नऊवारीचे असेच झाले आहे. आजी नेसत असे, नात शिवलेली घालते.

म्हणजे तो पुरुषांचा स्कर्टच नव्हे का?

ज्या घरात मुलगी द्यायची आहे तेथे हा शब्द उच्चारू नये. रचनेच्या दृष्टीने पाहिले तर पारंपरिक किल्टला आठ वार कापड लागते. पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर असतात आणि उरलेले जवळजवळ सगळे कापड मागच्या चुण्यांमध्ये जाते. या चुण्या कमरेपासून नितंबापर्यंत शिवलेल्या आणि त्याखाली मोकळ्या असतात. कुशल कारागीर त्या अशा हिशेबाने घालतो की प्रत्येक चुणीत कापड आत दुमडले जाऊनही टार्टनची, म्हणजे त्या कापडातल्या रंगीत पट्ट्यांची, चौकट मागच्या बाजूला अखंड दिसावी. आमच्या आत्याबाईंनी हयातभर निऱ्या काढल्या आहेत. त्यांनी जावयाचा किल्ट उलटा करून पाहिला, बोटाने चुण्या मोजल्या आणि ‘हात चांगला आहे’ एवढाच शेरा दिला. कोणत्याही पाहुण्याने त्या वस्त्राचे याहून नेमके परीक्षण केले नाही.

स्कॉटिश पुरुष रोज किल्ट घालतात का?

नाही. बहुतेकांच्या बाबतीत तो लग्न, पदवीदान, रग्बीचा किंवा फुटबॉलचा सामना, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणाची बर्न्स रात्र आणि नववर्षाची पूर्वसंध्या यांच्यापुरताच उरला आहे. त्यांतही लग्नाचा वाटा सर्वांत मोठा. अनेक पुरुषांनी आयुष्यात पहिल्यांदा किल्ट घातलेला असतो तो कोणा काकाच्या किंवा मोठ्या भावाच्या लग्नात.

मग किल्टचा लग्नाशी इतका घट्ट संबंध कसा जडला?

हा संबंध वाटतो तितका प्राचीन नाही. १७४५ मधील जॅकबाइट बंड, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट राजघराण्याच्या बाजूने झालेला उठाव, मोडून काढल्यावर ब्रिटिश संसदेने १७४६ मध्ये कायदा करून सैन्याबाहेरच्या पुरुषांना आणि मुलांना हायलंडचा पोशाख घालण्यास बंदी केली. ही बंदी १ ऑगस्ट १७४७ पासून अमलात आली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने कैद आणि दुसऱ्याला सात वर्षे समुद्रापार हद्दपारी अशी शिक्षा होती. १ जुलै १७८२ रोजी बंदी उठली, पण तोवर एक अख्खी पिढी किल्टशिवाय वाढली होती आणि रोजचे वस्त्र म्हणून त्याची सवय सुटली होती. जे परत आले ते रोजचे वस्त्र नव्हते, मिरवण्याचे होते. १८२२ च्या ऑगस्टमध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. त्या सोहळ्याची सूत्रे कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. त्यांनी शहरभर टार्टन पसरवले आणि राजाने स्वतः किल्ट घातला. उघडे पाय दिसू नयेत म्हणून आत त्वचेच्या रंगाचे घट्ट मोजे चढवले होते. पुढे राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी १८५२ मध्ये हायलंडमधली बाल्मोरलची जहागीर विकत घेतली, तेव्हा हायलंड पोशाखाला दरबारी प्रतिष्ठा मिळाली. प्रतिष्ठेचे वस्त्र प्रतिष्ठेच्या दिवशी बाहेर निघते, आणि सामान्य माणसाच्या आयुष्यात असा दिवस लग्नाचाच असतो. टेनिसपटू अँडी मरे याने ११ एप्रिल २०१५ रोजी आपल्या गावच्या, म्हणजे डनब्लेनच्या, कॅथेड्रलमध्ये लग्न केले तेही किल्ट घालूनच; सुटात उभा राहिला असता तर गावाला चुकचुकल्यासारखे झाले असते.

किल्ट घातलेल्या पुरुषाकडे स्त्रिया खरोखर अधिक आकर्षित होतात का?

सर्वांत जास्त हा प्रश्न येतो, बहुधा उपवर मुलांकडून, पण तो आईच्या नावावर विचारला जातो. याचे सरळ उत्तर असे की लक्ष नक्कीच जाते, पुढचे किल्टच्या हातात नाही.

लक्ष का जाते, हे मला तो स्वतः घातल्यावर कळले. किल्ट पँटसारखा ओटीपोटावर बसत नाही; तो बेंबीच्या पातळीवर, तीन बकलांनी चांगला आवळून बसवावा लागतो. आठ वार जाड लोकर जवळजवळ दोन किलो भरते. पोक काढून उभे राहिले की तो लगेच पुढून लोंबतो आणि मागून वर जातो, त्यामुळे माणूस नाइलाजाने ताठ होतो. शिवाय किल्टला खिसे नसतात. ज्या पुरुषाने आयुष्यभर संकोचाच्या प्रत्येक क्षणी हात खिशात घातले आहेत, त्याला त्या दिवशी हातांचे करायचे काय हे नव्याने शिकावे लागते. थोड्या वेळाने ते हात मागे बांधले जातात किंवा समोरच्या माणसाच्या हातात जातात, आणि दोन्ही गोष्टी त्याला शोभून दिसतात. चालताना मागच्या चुण्या पावलाच्या तालावर डावीउजवीकडे झुलतात. हे झुलणे घालणाऱ्याला दिसत नाही, फक्त जाणवते. बघणाऱ्याला मात्र तेच दिसते. आमच्या लग्नाला चौतीस वर्षे झाली आहेत. मी तयार होऊन बाहेर आलो तेव्हा पत्नीने मला आपादमस्तक न्याहाळले आणि ‘अहो, जरा वळा पाहू’ असे म्हणाली. चौतीस वर्षांत तिने मला वळायला सांगण्याची ही पहिलीच वेळ होती.

दुसरे कारण मला त्याहून महत्त्वाचे वाटते. एरवी लग्नात सजते ती वधू आणि वर तिच्या शेजारी एका गडद सुटात उभा राहतो, असा पाश्चात्त्य प्रघात आहे. किल्टमध्ये पुरुषालाही सजावे लागते. रंग निवडावा लागतो, मोज्यांची घडी सारखी करावी लागते, दुसऱ्या कोणाकडून मागची बाजू पाहून घ्यावी लागते. आपल्यासाठी हा एवढा वेळ आरशासमोर होता, ही गोष्ट समोरच्या व्यक्तीला कळते, आणि प्रेमात तिचे मोल मोठे असते.

तिसरी गोष्ट शास्त्राच्या नावाने सांगितली जाते. २०१३ मध्ये ‘स्कॉटिश मेडिकल जर्नल’मध्ये एका डच संशोधकाचा लेख आला. आत काही न घालता किल्ट वापरल्यास वृषणांचे तापमान कमी राहते आणि त्याचा शुक्रजंतूंच्या गुणवत्तेला फायदा होत असावा, असा त्याचा तर्क होता. वर्तमानपत्रांनी त्याचे मथळे केले. तो तर्क तापमान आणि घट्ट कपडे यांविषयीच्या आधीच्या अभ्यासांवर बांधलेला होता. किल्ट घालणाऱ्यांचा एक गट आणि पँट घालणाऱ्यांचा दुसरा असे घेऊन केलेले ते मोजमाप नव्हते. नातवंडांची घाई झालेल्या कोणी एका दिवसाच्या किल्टवर भिस्त ठेवू नये.

आणि एक नकोशी बाजूही येथेच सांगतो. किल्ट घातलेल्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचा किंवा त्याचा किल्ट उचलून पाहण्याचा आपल्याला हक्कच आहे, असे काही लोकांना, विशेषतः थोडी घेतल्यावर, वाटू लागते. बॅगपाइप वाजवणारे आणि मेजवानीत वाढणारे तरुण याचा त्रास वर्षानुवर्षे सोसत आले आहेत. याला थट्टा म्हणता येत नाही. साडीच्या पदराला हात घालण्याइतकीच ती असभ्य कृती आहे. परवानगीवाचून कपड्यांखालचे छायाचित्र घेणे हा स्कॉटलंडमध्ये २०१० च्या कायद्याने गुन्हा ठरला आहे, आणि त्यातून किल्ट सुटलेला नाही.

आत काय घालतात?

ज्याला जे घालायचे असेल ते. सैनिकी परंपरेत काही न घालण्याची प्रथा सांगितली जाते आणि लग्नाच्या भाषणात तिच्यावर किमान एक विनोद होतोच. भाड्याचा किल्ट असेल तर अंतर्वस्त्र अवश्य घालावे, कारण तोच किल्ट पुढच्या शनिवारी दुसरा कोणी घालणार आहे. वराला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त एका व्यक्तीला आहे आणि ती त्या दिवशी त्याच्या शेजारी उभी असते.

टार्टन कोणता निवडावा? स्कॉटिश नसलेल्याने कोणता घालावा?

टार्टन म्हणजे ताण्याबाण्यात ठरावीक क्रमाने येणाऱ्या रंगीत पट्ट्यांची चौकट. आडनावावरून कुळ आणि कुळावरून टार्टन ही पद्धत आज सर्वमान्य असली, तरी अमुक कुळाचा अमुक टार्टन अशा पक्क्या याद्या मुख्यतः एकोणिसाव्या शतकात तयार झाल्या. वडिलांकडचा, आईकडचा, गावाचा, पलटणीचा अशा कोणत्याही नात्याने टार्टन घेता येतो. कसलेच नाते नसेल तर ब्लॅक वॉचसारखे सर्वांना मोकळे असलेले टार्टन आहेत. गडद निळ्या-हिरव्या रंगाचा ब्लॅक वॉच सावळ्या वर्णाला फार चांगला दिसतो. मी तोच घेतला होता.

२००८ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा केल्यानंतर २००९ पासून टार्टनची अधिकृत नोंदवही सुरू झाली. तिच्यात कोणालाही नवी रचना नोंदवता येते, मात्र ती आधीच्या रचनांपेक्षा पुरेशी वेगळी हवी. स्कॉटलंडमधल्या शिखांसाठी ‘सिंग’ नावाचा टार्टन आहे. काही जोडपी लग्नासाठी स्वतःचा टार्टन विणून घेतात. त्यासाठी वेळ आणि पैसा दोन्ही हवेत, पण ‘आमच्या घराण्याचा’ हा शब्द वापरण्याची हौस ज्यांना आहे त्यांची ती नक्की फिटते.

नेहमीचा घोळ असा होतो की वराचा टार्टन एक, त्याच्या मित्रांचे भाड्याचे टार्टन भलतेच, आणि छायाचित्रात सगळे मिळून गोधडी दिसते. मला गोधडी आवडते. ज्यांना आवडत नाही त्यांनी हे आधीच ठरवून घ्यावे.

वराचा पूर्ण पोशाख कोणता? विकत घ्यावा की भाड्याने?

संध्याकाळच्या लग्नासाठी आखूड, चांदीच्या बटणांचे प्रिन्स चार्ली जॅकेट, त्यावर बो-टाय. दिवसाच्या लग्नासाठी साधे आर्गाइल जॅकेट आणि नेहमीचा टाय. पुढे साखळीने लटकणारी पिशवी म्हणजे स्पॉरन. ती खिशाचे काम करते आणि तिच्या वजनाने पुढचे पदर जागेवर राहतात. पायांत गुडघ्याखालपर्यंत लोकरी मोजे, त्यांच्या घडीतून डोकावणाऱ्या रंगीत फिती आणि लांब नाड्यांचे घिली ब्रोग बूट. उजव्या मोज्यात स्कीन डू नावाची लहान सुरी. ही सुरी राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून बाळगण्यास ब्रिटनमध्ये कायद्याने मुभा आहे, परंतु विमानात ती हातातल्या बॅगेत कधीही ठेवू नये. किल्टची पिन फक्त वरच्या पदराला लावायची. दोन्ही पदर एकत्र टोचले तर चालताना कापड ओढले जाऊन फाटते.

लांबी पाहण्याची रीत अशी : माणसाने गुडघ्यांवर उभे राहायचे आणि किल्टची कड जमिनीपासून किंचित वर राहिली पाहिजे. उभे राहिल्यावर ती गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर येते. किल्टला खाली दुमडून शिवण नसते, कापडाची मूळ कडच खाली येते. त्यामुळे लांबी नंतर कमीजास्त करता येत नाही, आणि उंचीचे माप चुकले तर किल्ट वाया जातो.

हाताने शिवलेल्या आठवारी किल्टला काहीशे पौंड पडतात आणि जॅकेट, स्पॉरन धरून रक्कम बरीच वाढते. इंटरनेटवर मिळणारे स्वस्त किल्ट पुष्कळदा पाकिस्तानातल्या सियालकोटचे असतात. एकाच दिवसापुरती गरज असेल तर भाड्याचा घेणे शहाणपणाचे, फक्त तो दोन दिवस आधी घरी आणून पूर्ण घालून पाहावा. मी पाहिला नाही. दुकानाने माझ्या पाकिटात दोन्ही मोजे वेगवेगळ्या मापांचे पाठवले होते, आणि लग्नाच्या सकाळी व्याह्यांनी आपल्या कपाटातली जुनी जोडी काढून दिली. व्याह्यांचे मोजे घालून कन्यादान करणारा मी बहुधा आमच्या कुळातला पहिलाच.

बसायचे कसे?

हा प्रश्न हास्यास्पद वाटतो, पण याचा सराव करावाच लागतो. बसण्यापूर्वी दोन्ही हात मागे नेऊन तळव्यांनी चुण्या खाली सपाट करत बसायचे. मग गुडघे जवळ घेऊन स्पॉरन दोन्ही मांड्यांच्या मधोमध पडू द्यायचा. लग्नाआधीच्या आठवड्यात मुलीने जावयाला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर वीस वेळा उठबस करायला लावली होती. तो हात फिरवून बसला की पत्नी आणि आत्याबाई एकमेकींकडे पाहत. त्या हालचालीत त्यांना काय दिसत होते ते सांगायला नको. स्वतःचे वस्त्र सावरणारा पुरुष त्यांनी तोवर पाहिला नव्हता. पहिल्या भेटीत जे परकेपण होते ते त्या स्टुलावर संपले.

या सगळ्यात वधूचा टार्टनशी काय संबंध?

वधू किल्ट घालत नाही. ती बहुधा पांढऱ्या झग्यात असते, आणि विधीनंतर वराच्या घरचे कोणी तिच्या खांद्यावरून त्या घराण्याच्या टार्टनचा पट्टा टाकून ब्रोचने टाचतात. आता तू आमची, असा त्याचा अर्थ. हल्ली काही घरी हे उलट दिशेनेही करतात आणि ते मला रास्त वाटते. ब्रोच लकनबूथ प्रकारचा असेल तर त्यावर मुकुट घातलेले एक किंवा दोन गुंतलेली हृदये असतात. एडिनबरामध्ये सेंट जाइल्सच्या चर्चजवळ कुलूप लावता येणाऱ्या ज्या लहान दुकानांत असे दागिने विकले जात, त्यांच्यावरून हे नाव पडले. प्रियकराने तो प्रेयसीला द्यायचा आणि पुढे पहिल्या बाळाच्या शालीला लावायचा, अशी रीत आहे.

दोघांचे हात टार्टनच्या पट्टीने बांधण्याचा विधी आणि क्वेख नावाच्या दोन कानांच्या वाडग्यातून एकत्र व्हिस्की पिणे, हेही आता पुष्कळ लग्नांत असते. ईशान्य स्कॉटलंडात आणि ऑर्कनी बेटांवर लग्नाआधी मित्रमंडळी वधूवरांना काकवी, पीठ, पिसे असे काहीबाही फासून उघड्या गाडीतून गावभर फिरवतात. तेथे किल्ट घालून जाऊ नये. ही हळद धुऊन निघत नाही.

ग्रेटना ग्रीनला पळून जाऊन लग्न करणारे किल्ट घालत का?

पळून जाणाऱ्यांना कपडे बदलायला वेळ नसे आणि त्यांतले बहुसंख्य इंग्रज होते. १७५३ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये २१ वर्षांखालच्यांना लग्नासाठी आईवडिलांची संमती आवश्यक झाली. स्कॉटलंडमध्ये तशी अट नव्हती; तेथे साक्षीदारांसमोर ‘आम्ही पतिपत्नी आहोत’ एवढे म्हटले तरी पुरे, आणि मुलाचे वय १४ व मुलीचे १२ चालत असे. ही वये १९२९ पर्यंत तशीच राहिली, हे वाचून अस्वस्थ व्हायला होते. ग्रेटना हे सीमेलगतचे गाव असल्याने तेथला लोहारच ऐरणीवर घण मारून लग्ने लावू लागला. १८५६ मध्ये दोघांपैकी एकाने २१ दिवस स्कॉटलंडमध्ये राहण्याची अट आली आणि १९४० मध्ये अशी केवळ तोंडी घोषणेची लग्ने बंद झाली. ऐरण अजून आहे, आणि आज तिच्यापुढे उभ्या राहणाऱ्या जोडप्यांतले पुष्कळ वर किल्ट घालतात. जुन्या पळपुट्यांना जे जमले नाही ते त्यांचे वारस निवांतपणे करून घेतात.

नाचताना किल्ट सांभाळावा लागतो का?

हो. जेवणानंतर केली होते, म्हणजे समूहनृत्य. गे गॉर्डन्स जोडीने चालण्याचे नृत्य आहे, त्यात धोका नाही. स्ट्रिप द विलोमध्ये दोन रांगांमधून एकेकाला गरगर फिरवत पुढे नेतात, आणि त्या वेगात आठ वारांच्या चुण्या छत्रीसारख्या उघडतात. नाचण्याआधी स्पॉरन कमरेच्या बाजूला सरकवावा, नाहीतर तो आपल्यालाही लागतो आणि जोडीदारालाही. येथे प्रणयाविषयी एक निरीक्षण नोंदवतो : केलीत जोडीदार सतत बदलतो, त्यामुळे एका तासात हॉलमधल्या प्रत्येक अविवाहित माणसाने प्रत्येकीचा हात धरलेला असतो, आणि तोही आजीआजोबांच्या देखत. वधूवरसूचक मंडळांनी पाहावे अशी ही व्यवस्था आहे.

मराठी पद्धतीच्या विधीत वराने किल्ट घातला तर चालेल का?

आमच्या घरी चालला, पण अडचणी आल्या आणि त्या आधी कळलेल्या बऱ्या. पहिली अडचण बसण्याची. होमासमोर मांडी घालून बसणे किल्टमध्ये केवळ अशक्य आहे. पाटाऐवजी बुटका चौरंग ठेवला, जावई गुडघे एका बाजूला वळवून बसला आणि मांडीवर उपरणे टाकले. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी वैदिक विधीला सरळ धोतर नेसवावे आणि संध्याकाळी किल्ट घालावा. बहुतेक घरे तेच करतात. दुसरी अडचण चामड्याची. गुरुजींनी स्पॉरनकडे बोट दाखवून विचारले, आणि तो सीलच्या कातड्याचा आहे असे उत्तर मिळताच स्पॉरन शांतपणे बाहेरच्या खोलीत गेला. मोज्यातली सुरीही त्याच्या मागोमाग गेली.

अंतरपाट दूर झाला तेव्हा एका बाजूला नऊवारी आणि दुसऱ्या बाजूला आठवारी उभी होती. व्याह्यांना मी वारांचा हा हिशेब सांगितला, तर त्यांनी तो संध्याकाळच्या भाषणात आपला म्हणून खपवला. गाठ बांधताना मुलीच्या शेल्याचे टोक जावयाच्या फ्लाय प्लेडला, म्हणजे डाव्या खांद्यावरून मागे सोडलेल्या टार्टनच्या उपरण्याला, बांधले. रेशीम लोकरीवर ठरेना. सप्तपदीच्या तिसऱ्या पावलाला गाठ सुटली आणि विहीणबाईंनी स्वतःच्या टोपीची पिन काढून ती टाचली. ती पिन अजून आमच्याकडे आहे. बूट पळवण्याचा मेहुण्यांचा बेत मात्र फसला. घिली ब्रोगच्या नाड्या घोट्याभोवती इतक्या वेढ्यांनी बांधलेल्या असतात की बूट काढताना जावयालाच दहा मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात त्याच्या भावांनी पहारा बसवला.

पाहुण्यांनी किल्ट घालावा का? कोणी नाराज तर होणार नाही?

बोलावणाऱ्यांनी सुचवले असेल तर अवश्य घालावा. स्कॉटिश लोकांना त्याचा आनंदच होतो. फक्त वेशांतराच्या स्पर्धेत निघाल्यासारखा लाल दाढीचा टोप वगैरे लावू नये. नको वाटत असेल तर सदरा, धोतर, फेटा यांची तेथे मोठी वाहवा होते.

दोन्ही वर असतील तर? कायदा काय म्हणतो?

स्कॉटलंडमध्ये समलिंगी विवाहाचा कायदा डिसेंबर २०१४ मध्ये अमलात आला, आणि दोन्ही वरांनी आपापल्या घराण्याचे टार्टन घालून उभे राहणे तेथे आता नवलाचे नाही. लग्नाचे किमान वय १६ आहे आणि पालकांची संमती लागत नाही. निबंधकाकडे लग्नाची सूचना किमान २९ दिवस आधी द्यावी लागते. भारतातून केवळ लग्नासाठी जाणाऱ्या वराला किंवा वधूला विवाहासाठीचा वेगळा व्हिसा लागतो, पर्यटकाचा चालत नाही.

लग्नानंतर किल्टचे काय करायचे?

चांगला किल्ट माणसापेक्षा जास्त टिकतो. पोट वाढले तर बकले थोडी सरकवून घेता येतात, म्हणून बापाचा किल्ट मुलाला होतो. जावयाचा किल्ट त्याच्या आजोबांचा आहे आणि बकलांच्या जुन्या टाक्यांची भोके कमरेच्या आतल्या बाजूला ओळीने दिसतात. धुण्याच्या यंत्रात तो कधीही टाकू नये. डाग ओल्या फडक्याने टिपावा, चुण्यांच्या खालच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालावेत आणि मग तो चटईसारखा गुंडाळून सुती पिशवीत ठेवावा. लोकरीला कसर लागते. मुलीने पिशवीत लॅव्हेंडर ठेवले होते. आत्याबाई परत जाण्यापूर्वी त्याच्याशेजारी वेखंडाचा एक तुकडा ठेवून गेल्या.